हाकेला गाणं शिकवताना

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी मतदारसंघात एक प्रकार घडला. एका पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. एका अपक्ष उमेदवाराला ट्रम्पेट हे चिन्ह मिळालं होतं आणि यादीत त्या ट्रम्पेटचं मराठी नाव होतं 'तुतारी'. अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. चर्चा झाली ती या मतांमागच्या राजकारणाची. मला त्यातली भाषेची गोष्ट जास्त लागली. पितळेची, तोंडाने फुंकायची, पुढे कर्ण्यासारखं तोंड असलेली कुठलीही वस्तू दिसली की आपल्याला एकच शब्द सुचतो. सतार आणि सरोद यांना एका नावाने हाक मारायची कुणाची हिंमत होणार नाही. फुंकायच्या वाद्यांना मात्र चालतं.

आपल्या म्हणी आणि वाक्प्रचार आठवून पाहा. मनं जुळली की सूर जुळले म्हणायचं, तारा जुळल्या म्हणायचं. फजिती झाली की बँड वाजला, पुंगी वाजली. ज्याचं काही खरं नाही ती गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. फुंकायच्या वाद्याला मान मिळतो तो एकाच ठिकाणी, रणशिंगात. पण रणशिंग ही तर घोषणाच. ते 'फुंकलं' जातं. कसं वाजलं हे विचारायची पद्धत नाही.

साहित्यातही तेच. मराठी वाचकाला तुतारी पहिल्यांदा भेटते ती केशवसुतांच्या १८९३ सालच्या कवितेत. कविता थोर आहे याबद्दल वाद नाही. पण आपल्या भाषेतली सगळ्यात प्रसिद्ध तुतारी ही एक कल्पना आहे, वाद्य नाही. तिचा स्वर कसा लागतो, वाजवणाऱ्याचा दम किती पुरतो, हे प्रश्न सव्वाशे वर्षांत त्या कवितेच्या निमित्तानेही आपल्याला फारसे पडलेले नाहीत.

मी फ्रेंच हॉर्न शिकतेय. तीन वर्षं झाली. शिकताना एक गोष्ट हळूहळू पटत गेली, तीच या लेखात मांडायची आहे. हॉर्नचा सगळा इतिहास म्हणजे एका हाकेला गाणं शिकवण्याचा इतिहास आहे. आणि ते गाणं शिकताना 'आधी तंत्र, मग भाव' ही आपली आवडती विभागणी टिकत नाही.

आधी कान

'हॉर्न शिकतेय' असं नाशिकमध्ये सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक उभे राहतात. दोष त्यांचा नाही. हे वाद्य आपल्याकडे दिसतच नाही. वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट असतो, क्लॅरिनेट असते, युफोनियम असतो. हॉर्न जवळपास नसतोच. प्रत्यक्ष ऐकायचा तर मुंबई गाठावी लागते. तिथे एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून जाता येतं, पण मैफल संध्याकाळची असते, म्हणजे परतीची पंचवटी चुकलीच म्हणून समजा.

वाद्य दिसायला गुंतागुंतीचं आहे, पण मूळ कल्पना साधी. एक लांब नळी, एका टोकाला नरसाळ्यासारखं छोटं मुखपत्र, दुसऱ्या टोकाला पसरट तोंड. आजच्या डबल हॉर्नमध्ये अशा दोन नळ्या एकात एक बसवलेल्या असतात. त्यातली लांब नळी उलगडली तर सुमारे पावणेचार मीटर भरेल. ट्रम्पेटची नळी दीड मीटरच्या आतली. ही लांबीच सगळ्या दुखण्याचं कारण आहे आणि सगळ्या सौंदर्याचंही.

कुठल्याही नळीत ओठांची थरथर सोडली की ती नळी आपले ठरलेले स्वर देते. मूळ स्वर, मग त्याच्या दुप्पट कंपनांचा, तिप्पट, चौपट, अशी शिडी वर जाते. खालच्या पायऱ्या एकमेकींपासून लांब असतात, वर जाल तशा जवळ येतात. ट्रम्पेट बराचसा खालच्या, ऐसपैस पायऱ्यांवर वावरतो. हॉर्नची नळी लांब असल्यामुळे त्याचं खरं घर आठव्या पायरीपासून सोळाव्यापर्यंत आहे. एका सप्तकात नऊ पायऱ्या. बोटं तीच, श्वास तोच आणि ओठांच्या केसभर ताणाने भलताच स्वर बाहेर येतो, किंवा दोन पायऱ्यांच्या मध्ये फुटतो. मोठमोठ्या वादकांचेही स्वर भर मैफलीत फुटतात आणि जाणकार श्रोते ते गृहीत धरून बसतात.

म्हणून हॉर्न वाजवताना हवा असलेला स्वर आधी मनात ऐकावा लागतो. पियानोवर न ऐकताही योग्य पट्टी दाबता येते. इथे तशी पट्टीच नाही. स्वर कानात नसेल तर ओठ तिथे जाणार नाहीत. लष्करी बँडमधून निवृत्त झालेले माझे सर पहिले कित्येक आठवडे मला हॉर्नला हातही लावू देत नसत. आधी गाऊन दाखवायचं, मग नुसत्या मुखपत्रावर तोच स्वर, मग हॉर्नवर. त्यांच्या पद्धतीत गाणं हा सरावाचा अलंकार नव्हता, पायाच तो होता.

नाशिकच्या माणसाला हे परकं वाटायला नको. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आपला रामनाम आधार आश्रम उभारला आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय १९२१ साली याच गावात जन्मले. द. वि. पलुस्करांची जुनी ध्वनिमुद्रणं हॉर्न शिकणाऱ्याने जरूर ऐकावीत. स्वर सुरू होतो तेव्हा धक्का नसतो, खालून शोधत वर येणं नसतं. जिथे लागायचा तिथेच तो उमटतो आणि मगच फुलतो. हॉर्नवादक जन्मभर ज्या सुरुवातीसाठी झटतात ती हीच. आमच्याकडे तिला जिभेच्या आणि श्वासाच्या तंत्रात बसवतात, इतकंच.

आता शिकवण्याची रीत पाहा. एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे पुष्कळ मुलं देतात. त्यातल्या नेहमीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एकूण १५० गुण. तीन रचनांना प्रत्येकी ३०, सरगमीसारख्या स्वरमालिकांना २१, पाहून वाजवण्याला २१ आणि कानाच्या चाचणीला १८. म्हणजे ज्या वाद्यात कान हेच तंत्र आहे, तिथेही कान हा शेवटचा, सगळ्यात स्वस्त प्रश्न ठरतो. परीक्षेला मोजणं भाग असतं, हे मान्य. पण या वाटणीतून शिकणाऱ्याच्या डोक्यात एक समजूत बसते की कौशल्य आधी येतं आणि भाव नंतर वरून पेरायचा, पोह्यांवर खोबरं पेरतात तसा. हॉर्न ही समजूत पहिल्याच महिन्यात मोडून काढतो. ज्या ओळीचा अर्थ मनात लागलेला नाही, ती ओळ फुटते.

हाताचा तळवा

युरोपात हॉर्न मुळात शिकारीचं वाद्य. घोड्यावरून जंगलात इशारे द्यायचे, म्हणून नळी गोल गुंडाळून खांद्यावर अडकवायची. काम तेच, जे आपल्या शिंगाचं आणि तुतारीचं. आलो, निघालो, सापडला, पळाला. वाद्यवृंदात तो शिरला तेव्हाही हे जंगल सोबत घेऊनच शिरला.

अठराव्या शतकाच्या मध्यावर ड्रेस्डेनचा हॉर्नवादक आंटोन योझेफ हांपेल याने एक गोष्ट रुजवली. उजव्या हाताचा तळवा हॉर्नच्या पसरट तोंडात घालून तो कमी-जास्त मिटायचा. तोंड मिटलं की स्वर सरकतो. शिडीतल्या दोन पायऱ्यांमधली रिकामी जागा भरता येते. जे स्वर त्या नळीत नव्हतेच, ते तळव्याने घडवलेले. मोझार्टने आपले हॉर्न कॉन्चेर्तो ज्याच्यासाठी लिहिले तो योझेफ लॉइटगेब असाच तळव्याने गाणारा होता. मोझार्टची त्याच्याशी इतकी सलगी की एका हस्तलिखितात त्याने वादकाची थट्टा करणारे शेरे स्वरांच्या वर लिहून ठेवलेत.

पुढे १८१०च्या दशकात जर्मनीत व्हॉल्व्ह आले. बोट दाबलं की नळीची लांबी बदलते, सगळे स्वर सारखे आणि सोपे मिळतात. प्रश्न सुटला असं वाटावं. पण १८६५ साली, आई गेली त्या वर्षी, ब्रह्म्सने हॉर्न, व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठी जी त्रयी लिहिली, तिच्यात त्याने बिनव्हॉल्व्हचा जुना हॉर्नच मागितला. व्हॉल्व्ह येऊन तेव्हा पन्नास वर्षं होत आली होती. त्याचे वडील हॉर्न वाजवत, तो स्वतः लहानपणी हेच वाद्य शिकलेला. तिचा तिसरा भाग, संथ आणि शोकाचा, ऐकला की ही मागणी कळते. तळव्याने घडवलेला स्वर किंचित झाकलेला, अंधुक येतो. मोकळा स्वर उजळ येतो. एकाच ओळीत उजेड आणि सावली आपोआप पडतात. व्हॉल्व्हने सगळे स्वर समान केले, तेव्हा ही सावली गेली. आजचे वादकही उजवा हात हॉर्नच्या तोंडातच ठेवतात. गरज बरीचशी संपली, पण आवाजाचा पोत त्या हातावर उभा आहे.

स्वयंभू स्वरांची रचना

ज्या कृतीवर मला खरं बोलायचंय ती बेंजामिन ब्रिटनची 'सेरेनेड', आवाज, हॉर्न आणि तंतुवाद्यं यांच्यासाठी लिहिलेली. साल १९४३, लंडनमध्ये युद्ध चालू असताना पहिला प्रयोग. गायक पीटर पिअर्स, हॉर्नवर डेनिस ब्रेन, वय बावीस. सहा इंग्रजी कविता, सगळ्या संध्याकाळच्या, रात्रीच्या, झोपेच्या आणि मरणाच्या. त्यांच्या आधी आणि नंतर नुसत्या हॉर्नचे दोन छोटे तुकडे. सगळं मिळून पंचवीस मिनिटांच्या आसपास. फोनवर सहज सापडेल. हेडफोन मात्र लावा.

त्या पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यांसाठी ब्रिटनची अट आहे की व्हॉल्व्ह वापरायचे नाहीत. नळी जे देईल तेच स्वर. आठव्या पायरीला सा माना. नववी रे, दहावी ग, बारावी प, सोळावी पुन्हा सा. इथवर ठीक. पण अकरावी पायरी शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या बरोबर मधोमध पडते. तेरावी दोन धैवतांच्या मध्ये कुठेतरी, आणि चौदावी कोमल निषादाहून उतरलेली. पियानोला सरावलेल्या कानाला हे स्वर चक्क बेसूर लागतात. ते ऐकून वादक चुकला असं वाटणारे श्रोते तेव्हाही होते आणि आजही भेटतात.

आपल्या कानाकडे इथे एक जास्तीची किल्ली आहे. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो त्याच शिडीची पाचवी पायरी आहे. या नजरेने पाहिलं तर ब्रिटनचा तो तुकडा म्हणजे नुसत्या स्वयंभू स्वरांची रचना. गंधाराला आपण देवघरात बसवलं, अकराव्याला आणि तेराव्याला घरात घेतलं नाही. ब्रिटन त्यांना दारातून आत बोलावतो.

मला ही कृती मोठी वाटते ती याच कारणाने. मधल्या कवितांमध्ये हॉर्न व्हॉल्व्हचा पुरेपूर वापर करतो. टेनिसनच्या कवितेत बिगुलाला उत्तर देतो, बेन जॉन्सनच्या कवितेत शिकारीसारखा उधळतो, ब्लेकच्या आजारी गुलाबाच्या कवितेत अर्ध्या अर्ध्या स्वराने असा घसरतो की पोटात खड्डा पडावा. हे कमावलेलं गाणं. पण कीट्सच्या शेवटच्या कवितेत हॉर्न गप्प असतो, कारण तेवढ्या वेळात वादक रंगमंचावरून निघून आत गेलेला असतो. आणि मग आतून, न दिसता, तोच पहिला तुकडा येतो. स्वर तेच, अट तीच. पहिल्यांदा जो अकरावा स्वर चूक वाटला होता, तो आता ओळखीचा वाटतो. हॉर्न बदललेला नसतो, पंचवीस मिनिटांत आपला कान बदललेला असतो.

डेनिस ब्रेनने ही कृती दोनदा ध्वनिमुद्रित केली, १९४४ साली आणि १९५३ साली. मधल्या काळात त्याने आपला जुना, अरुंद नळीचा फ्रेंच घडणीचा हॉर्न सोडून जर्मन घडणीचा घेतला होता. दोन्ही लागोपाठ ऐकण्यासारखी आहेत. नंतरच्यात आवाज भरदार, सुखद आहे. तरी पहिल्या तुकड्यासाठी माझं मत १९४४ला. तिथे आवाज थोडा बारीक आणि धारेचा असल्यामुळे ते आगंतुक स्वर गोड होऊन मिसळत नाहीत, कडेला उभे राहतात. अशा स्वरांना मिसळून टाकणं ही मला थोडी लबाडी वाटते. ब्रेन १९५७ साली मोटार अपघातात गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी त्याने एका विनोदी संगीत महोत्सवात बागेला पाणी घालायच्या रबरी नळीवर लिओपोल्ड मोझार्टची रचना वाजवली होती. लोक हसले, पण धडा तोच होता. वाद्य म्हणजे नळी, बाकी सगळं माणसाच्या कानात आणि श्वासात.

एक तक्रारही नोंदवते. ब्रिटनच्या हातातही हॉर्न शेवटी संध्याकाळचा, दूरचा, हरवलेल्याचा राहतो. जर्मन रोमँटिकांनी जंगल आणि दुरावा हॉर्नच्या माथी मारला, तो संकेत ब्रिटनने सोडला नाही. हॉर्नला दुपार नाही, बाजार नाही, भांडण नाही. म्हणजे ज्याला आपण भाव म्हणतो त्यातला बराचसा भाग लोकांनी आधीच ठरवलेला असतो. तिकडे हॉर्न म्हणजे आठवण, इकडे तुतारी म्हणजे पाहुणे आले. दोन्ही संकेतच. फरक इतकाच की त्यांनी आपल्या संकेताला अडीचशे वर्षं गायला लावलं.

वरातीतला गायक

तुतारी घ्या. नळीला भोक नाही, व्हॉल्व्ह नाही. म्हणजे भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ती ब्रिटनने मागितलेल्या हॉर्नची सख्खी बहीण. तिच्यातही तीच शिडी आहे. मंगल कार्यालयाच्या दारात ती वीस-तीस सेकंद वाजते, दोन-चार स्वर, शेवटी वर चढणारी लकेर, आणि संपते. त्या लकेरीत कधी कधी तो अकरावा स्वर झळकून जातो. ऐकायला कुणी थांबलेलं नसतं, फोटो चालू असतात.

वरातीच्या बँडचंही तसंच. ग्रेगरी बूथ या संशोधकाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर २००५ साली 'ब्रास बाजा' नावाचं पूर्ण पुस्तक लिहिलं. परक्या माणसाला हा विषय पुस्तकाएवढा वाटला. आपल्याकडे बँडवाल्यांची आठवण होते ती वाहतूक अडली की. महाराष्ट्रात वाजंत्रीचं काम पिढ्यान् पिढ्या मातंग, होलार, गुरव अशा समाजांकडे राहिलं. तोंडाला लावायचं वाद्य, म्हणून उष्टं. रस्त्यावर वाजायचं, म्हणून हलकं. मैफलीच्या गादीवर फुंकीच्या वाद्यांपैकी बासरी आणि सनई बसली, तीही बरीच उशिरा आणि पन्नालाल घोष, बिस्मिल्ला खाँ यांच्यासारख्यांच्या ताकदीवर. पितळेला ती गादी मिळाली नाही.

आणि तरीही, चांगल्या बँडचा युफोनियमवाला ऐका. तो जुनं गाणं धरतो तेव्हा गायिकेने जिथे श्वास घेतला तिथेच श्वास घेतो. मींड ओठांनी काढतो. व्हॉल्व्ह अर्धाच दाबून स्वर घसरवतो, जे कुठल्याही परीक्षेच्या पुस्तकात नाही. रात्री अकराला, चालत, सामोऱ्या येणाऱ्या धुरात, शेजारी ढोल आणि पुढे डीजेची भिंत असताना. नाशिक ढोल देशभर गाजला, त्याचा अभिमान आहेच. पण त्या गजरात पितळेच्या वाद्याकडून आपण मागतो एकच गोष्ट, मोठ्याने. आपण पैसे मोजतो आवाजाच्या उंचीचे आणि मग म्हणतो, यांच्यात भाव कुठे असतो.

संगीत समीक्षेचं काम इथे सुरू व्हायला हवं होतं. मराठीत घराण्यांवर लिहिलं गेलंय, नाट्यसंगीतावर तर भरभरून. ते वाचूनच आम्ही ऐकायला शिकलो. पण 'स्वर कसा लावला', 'दम कुठे घेतला', 'ओळ कुठे सोडली' हे प्रश्न आपण काही ठरावीक वाद्यांसाठी आणि काही ठरावीक माणसांसाठी राखून ठेवले. ज्याच्याबद्दल असे प्रश्न विचारले जात नाहीत, त्याला गाण्याची गरजही उरत नाही. हॉर्नच्या बाबतीत हांपेल, लॉइटगेब आणि ब्रेन हे तीन वादक जितके महत्त्वाचे, तितकेच त्यांचं वाजवणं बारकाईने ऐकून भांडणारे श्रोतेही. हाकेला गाणं शिकवायला दोघं लागतात.

मला हॉर्न अजून जेमतेम येतो. नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये म्यूट लावून सराव करावा लागतो आणि नळीतलं पाणी सारखं काढत बसावं लागतं. पण या तीन वर्षांनी ऐकण्याची एक सवय लावली आहे, ती कुणालाही फुकटात घेता येईल. पुढच्या लग्नात दारातली तुतारी वाजून संपली की तिथून हलू नका. वादकाला, वयाने मोठे असतील तर 'काका' म्हणून, सांगा की एकच स्वर वाजवा. खालचा, लांब, जितका हळू येईल तितका हळू. घोषणा करायला मोठा आवाज पुरतो. हळू आणि लांब स्वर धरायला कान लागतो, श्वास लागतो, आयुष्यभराची तालीम लागते. तो स्वर ऐकून झाला की त्यांना विचारा, कुणाकडे शिकलात.